दुसऱ्या अंकातलं वाक्य

जुलैत आमच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आणि तिसऱ्याच आठवड्यात मी दुसऱ्या अंकातल्या एका वाक्यावर अडकले. वाक्य आठवायचं, पण जुनं. दिग्दर्शकाने ते बदलून आठ दिवस झाले होते. जुनं मी शिसपेन्सिलीने खोडलं होतं, नवं वर लाल पेनाने लिहिलं होतं, शाळेतून येताना एसटीत बसून पुन्हा पुन्हा पुटपुटलं होतं. तरी समोरच्याने क्यू दिला की तोंडातून जुनंच बाहेर पडायचं. आणि त्याच्यापुढची चार वाक्यं, ज्यांना कोणी हातही लावला नव्हता, ती साफ गायब.

“ताई, पाच मिनिटं थांबूया का?” दिग्दर्शक म्हणाला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलगा, बोलण्यात अतिशय अदब. त्या दिवशी त्याच्या अदबीचाच मला त्रास झाला. मी विंगेत जाऊन पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते या गावात, त्यामुळे नाटक हा इथे घरोघरचा विषय. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि पंचवीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत काम करते. पाठांतर हा माझा हातखंडा होता. संहिता हातात आली की दहा दिवसांत माझी वाक्यं पाठ, पंधरा दिवसांत सगळ्यांची. दोन वर्षांपासून मात्र हे बदलत चाललं होतं. वर्गातल्या मुलांची नावं ऑगस्ट उजाडला तरी बसायची नाहीत. गॅसवर दूध ठेवलंय हे वास आल्यावर कळायचं. दुपारी तीनच्या तासाला खुर्चीत बसले तर डोळे मिटायचे, म्हणून मी तो तास उभी राहून घ्यायला लागले होते.

भीती कशाची वाटत होती ते मी घरात कोणाला बोलले नव्हते. माझी आई शेवटची सहा वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. तिचं सुरुवातीला भाज्यांची नावं विसरणं होतं. मग माणसांची. त्या दिवशी विंगेत उभी असताना मला आईचा दोडका हातात धरून नुसता बघत राहिलेला चेहरा दिसत होता.

एका डॉक्टरांनी सांगितलं, वयच आहे हे, पाळी गेल्यावर होतंच असं, मनावर घेऊ नका. मी वर्षभर मनावर घेतलं नाही. तालमीतल्या त्या प्रसंगानंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थायरॉईड आणि बी-ट्वेल्व्ह करायला लावलं, दोन्ही नॉर्मल आलं. रिपोर्ट बाजूला ठेवून ते माझ्याशी नाही, ह्यांच्याशी बोलले. “बाई रात्री घोरतात का?”

हे जरा अवघडले. मग म्हणाले, “घोरते. पण मधेच आवाज बंद होतो. श्वासच नाही असं वाटतं. मी हात लावणार एवढ्यात एकदम दचकते आणि पुन्हा सुरू.”

“कधीपासून?”

“चार-पाच वर्षं तरी.”

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. घरी आल्यावर विचारलं, अहो, मला कधी बोलला नाहीत ते? हे म्हणाले, “अगं, बायकोला घोरतेस म्हणून कसं सांगायचं? वाईट वाटलं असतं तुला.” एवढ्या साध्या संकोचात चार-पाच वर्षं गेली. आणि हे आमच्याच घरातलं नाही. झोपेत श्वास थांबणं हा पुरुषांचा, त्यातही जाड मानेच्या पुरुषांचा आजार अशी समजूत आहे. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं, आणि आपण डॉक्टरांना घोरणं सांगतच नाही. सांगतो थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, चिडचिड. समोरचा मग त्यावरच्या गोळ्या देतो. मैत्रिणींनो, घरच्या माणसाला एकदा स्पष्ट विचारा.

मिरजेतल्या एका हॉस्पिटलात स्लीप स्टडीसाठी रात्रीची वेळ मिळाली. साडेआठला जायचं, जेवून, केसांना तेल न लावता. खोली साध्या लॉजसारखी, पलंगाच्या वर कोपऱ्यात अंधारात दिसणारा कॅमेरा. तारा लावणारी मुलगी जत तालुक्यातली होती, पंचविशीची. तिने टेपने माझं डोकं मापलं, कपाळापासून मानेपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, शिंपी ब्लाऊज मापतो तितक्या निगुतीने. पेन्सिलीने खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर रवाळ जेल घासून कातडी स्वच्छ केली आणि पांढऱ्या चिकट पेस्टने एकेक वालाच्या दाण्याएवढी चकती बसवली. डोळ्यांच्या बाजूला दोन, हनुवटीला, छातीला, दोन्ही पोटऱ्यांना. छातीवर आणि पोटावर पट्टे, नाकात बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. सगळ्या रंगीबेरंगी तारांची तिने मागे वेणी घातली आणि एका डबीत खोचली.

मग दिवा बंद, आणि स्पीकरवरून तिचा आवाज. “काकू, डोकं न हलवता वर बघा. खाली बघा. दात आवळा. डावा पाय हलवा.” प्रत्येक हालचालीची रेघ पलीकडे नीट उमटते की नाही ते ती तपासत होती. “झालं. आता झोपा.”

एवढ्या तारांत झोप लागणार कशी, असं वाटलं होतं. पण इतक्या वर्षांची थकलेली मी दहा मिनिटांत झोपले. सकाळी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, एक-दोनदा जाग आली असेल.

पेस्ट काढता काढता ती म्हणाली, “काकू, बघायचंय तुमची झोप कशी दिसते?” आणि मला पलीकडच्या खोलीत घेऊन गेली. पडद्यावर एका वेळी तीस सेकंद दिसतात, तिथे त्याला पान म्हणतात. रात्रभराची आठशे-नऊशे पानं. तिने एक पान थांबवलं आणि बोट ठेवलं. बारीक कंप असलेल्या रेघेत मधेच एक गुच्छ होता, मध्यभागी जाड, दोन्ही टोकांना निमुळता, जेमतेम सेकंदभराचा. “याला स्पिंडल म्हणतात.” मला लगेच ओळखू आलं. हुबेहूब टकळी. आईच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा, तिची टकळी अजून माझ्या कपाटात आहे. पुढच्या पानांवर मोठ्या, संथ, डोंगरासारख्या लाटा सुरू होत होत्या, सेकंदाला एखादीच. “ही गाढ झोप,” ती म्हणाली, “आता बघा.” खालची श्वासाची रेघ सपाट झाली. दहा सेकंद, वीस, सत्तावीस. छातीचा पट्टा धडपडतोय, हवा आत जात नाही. ऑक्सिजनचा आकडा खाली सरकतो. आणि मग सगळ्या रेघा एकदम दाट, काळ्या, खरडल्यासारख्या. ती मी दचकले ती वेळ. डोंगर मोडले. पुढच्या पानावर पुन्हा उथळ झोप, पुन्हा पहिल्यापासून.

रिपोर्टमध्ये आकडा आला ३४. म्हणजे तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडलेला किंवा अर्धवट झालेला. ३० च्या वर असेल तर आजार तीव्र समजतात. ऑक्सिजन एकदा ७८ टक्क्यांपर्यंत उतरला होता. पण माझी नजर दुसऱ्याच ओळीवर खिळली. गाढ झोप, एकूण झोपेच्या ४ टक्के.

डॉक्टरांनी समजावलं त्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून पुढचे काही आठवडे मी वाचत सुटले. जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

दिवसभर आपण जे ऐकतो, बघतो, पाठ करतो, ते आधी मेंदूच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या छोट्या भागाच्या जोरावर धरून ठेवलेलं असतं. तिथली जागा कायमच्या मुक्कामाची नाही. रात्री गाढ झोपेत तोच भाग दिवसातले प्रसंग पुन्हा चाळवतो, फार वेगाने, आणि बाहेरच्या थराला, कॉर्टेक्सला, ऐकवतो. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत हे टिपलं. पिंजऱ्यात फिरताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच नंतर झोपेत पुन्हा एकत्र चेतत होत्या. त्या संथ लाटा आणि त्यांच्यावर स्वार झालेल्या टकळ्या एकमेकींशी वेळ जुळवतात, तेव्हा हे सुपूर्द करणं घडतं. माझ्या पानांवर टकळ्या होत्या. लाटा उठत होत्या. पण दर दोन मिनिटांनी कोणीतरी येऊन दार बडवत होतं.

झोप आणि पाठांतराचा हा संबंध मात्र नव्याने लागलेला शोध नाही. १९२४ साली अमेरिकेत जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी केवळ दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या. पाठ करून झोपले तर बरंच शिल्लक राही, पाठ करून जागे राहिले तर तेवढ्याच तासांत बरंच उडून जाई. शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग. आणि मी मुलांना परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करताना बघत आले, कधी कधी शाबासकीही दिली. ते आता मला बोचतं.

मला सर्वांत जास्त हलवून गेलं ते मात्र दुसऱ्या बाजूचं, टाकून देण्याचं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधले शास्त्रज्ञ जुलिओ टोनोनी आणि कियारा चिरेली सांगतात की दिवसभर शिकताना पेशींमधले सांधे जाड होत जातात. असंच चालू राहिलं तर मेंदू भरून तुंबेल. झोपेत ते सगळे थोडे थोडे खाली आणले जातात. त्यांच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूचे अतिसूक्ष्म काप मोजून दाखवलं की झोपेनंतर हे सांधे सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी लहान झालेले असतात, पण सर्वांत मोठे आणि भक्कम सांधे जवळपास तसेच राहतात. सगळ्या शास्त्रज्ञांना हा सिद्धांत पूर्ण मान्य आहे असं नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: स्वप्नं पडतात त्या झोपेत चेतणाऱ्या काही पेशी विसरायला मदत करतात. त्या वेळेपुरत्या त्या पेशी बंद केल्या तर उंदरांना जास्त आठवत होतं.

हे वाचलं आणि मला महापूर आठवला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या घरात छातीभर पाणी. ओसरल्यावर आम्ही परतलो तेव्हा अंगणात दोन ढीग केले, एक ठेवायचं, एक फेकायचं. पहिल्या दिवशी सगळं नीट चाललं. दुसऱ्या दिवशी, दोन रात्री न झोपलेले आम्ही दोघं, चांगली पितळी भांडी गाळासकट फाटकाबाहेर टाकत होतो आणि कुजलेल्या गाद्या जपून वाळत घालत होतो. आईची टकळी फेकायच्या ढिगात गेली होती, शेजारच्या मुलाने उचलून आणून दिली. माझं डोकं चार-पाच वर्षं रोज रात्री तसंच आवरलं जात होतं. म्हणून लागणारी चार वाक्यं फाटकाबाहेर, आणि खोडलेलं वाक्य मात्र दोरीवर.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या रात्रीसाठी पुन्हा मिरजेला गेले. या वेळी तारांबरोबर नाकावर मास्क, आणि त्याला जोडलेलं सीपॅप मशीन. ते औषध देत नाही, ऑक्सिजनही देत नाही. साध्या हवेचा दाब ठेवतं, म्हणजे घशाची वाट मिटत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय पहिल्यांदा मांडला. पहिली दहा मिनिटं गुदमरल्यासारखं झालं. धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यावर होतं ना, तसं. “तोंड मिटून ठेवा काकू, श्वास नाकानेच सोडा,” स्पीकरवरून आवाज. ती पलीकडे बसून दाब थोडा थोडा वाढवत होती. दाबाचा आकडा ९ वर गेला तेव्हा श्वास अडणं थांबलं.

त्या रात्री मला स्वप्न पडलं. पडलं म्हणजे किती मोठं! चार-पाच वर्षांत मला एखादं सलग स्वप्न आठवत नव्हतं. यात मी शाळेच्या व्हरांड्यात हजेरी घेत होते, आणि मुलं एकेक करून आपलं नाव सांगून पुढे जात होती, संपतच नव्हती. जागी झाले तेव्हा साडेसहा वाजले होते आणि उशी ओली होती. त्या मुलीने पानं दाखवली. डोंगर, एकामागून एक डोंगर, पानंच्या पानं, कुठेही खरड नाही. उपाशी माणूस पहिल्या पंगतीला दुप्पट जेवतो तसं मेंदूही करतो, पहिल्या नीट रात्री गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही भरभरून घेतो, असं तिने सांगितलं. मी तिचा हात धरला. काय बोलावं ते सुचलं नाही.

घरी मशीन आणल्यावर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिले दोन आठवडे मास्क कडेने फुसफुसायचा आणि हवा डोळ्यात जायची. नाकावर वळ उठायचा, तो घेऊन वर्गात जायची मला लाज वाटायची. तीन रात्री मी झोपेतच मास्क काढून टाकला होता. पट्टे थोडे सैल केले, मास्कचा आकार बदलून घेतला, मग बसला. ह्यांना आवाजाची भीती होती; हे म्हणाले, पंख्यापेक्षा कमी आहे. पहिल्या आठवड्यात हे रात्री दोनदा उठून माझा श्वास बघायचे, ते मला नंतर कळलं.

पाठांतराची पद्धतही मी बदलली. आधी तालमीहून साडेदहाला आले की बारापर्यंत संहिता घेऊन बसायची. आता रात्री फक्त वीस मिनिटं, त्या दिवशी अडलेला प्रवेश, मोठ्याने, मग दिवा बंद. सकाळी चहाच्या आधी तोच प्रवेश न बघता. वहीत किती वाक्यं पडली ते लिहून ठेवायचे. पहिल्या आठवड्यात सकाळी पडलेली वाक्यं आदल्या रात्रीइतकीच होती. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी रात्री सात अडली होती त्यातलं एकच अडलं. मी वही बंद केली आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चहा टाकते.

दोडका बघत राहिलेला आईचा चेहरा त्यानंतर मागे पडला. पुरता गेला नाही. मशीन लावणाऱ्या प्रत्येकाची स्मरणशक्ती परत येते असं नाही, अभ्यासांमधून संमिश्र उत्तरं आली आहेत, आणि माझंही सगळं परत आलेलं नाही. नवीन माणसाचं नाव अजून दोनदा विचारावं लागतं. पण दुपारचा तीनचा तास मी आता बसून घेते.

स्पर्धेचा प्रयोग डिसेंबरमध्ये झाला. दुसरा अंक, क्यू आला, आणि लाल पेनाने लिहिलेलं वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं: “पत्र आलं होतं रे, वाचायचं धाडस झालं नाही.” पुढची चार वाक्यं त्याच्या पाठोपाठ, हात धरून आल्यासारखी. विंगेत दिग्दर्शक संहिता मिटून उभा होता.

यात तालमीचा वाटा किती आणि झोपेचा किती, ते मी वेगळं काढून दाखवू शकत नाही. हे लिहायला बसले तेव्हा सुरुवातीलाच ते जुनं वाक्य लिहावं असा विचार होता. जुलैभर ज्याने छळलं ते. पेन हातात घेऊन बसले, आणि ते येईना. ह्यांना विचारलं, हेही तालमीला यायचे. ह्यांनाही सांगता येईना. शेवटी कपाटातून संहिता काढली. पान ४१. शिसपेन्सिलीची आडवी रेघ, आणि तिच्याखाली चार शब्द. मी दोनदा वाचले. कोणा दुसऱ्याच बाईचे वाटले.